वर्दी पुढे मिळेल, आधी पोरांचे पाय बघा : विदर्भातल्या भरतीपूर्व अकादमी चालकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर आणि विदर्भातल्या सैन्य व पोलीस भरतीपूर्व अकादम्यांचे संचालक आणि प्रशिक्षक बंधू-भगिनींनो,

जय हिंद.

मी ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं रंगरुटांचा उस्ताद म्हणून गेली, आधी पीटीचा आणि मग ड्रिलचा. आता कामठीला राहतो. तुमच्यापैकी काही जण फौजेतलेच आहेत, दोघे-तिघे तर माझ्याच प्लाटूनमधून गेलेले. त्यांना घरी बोलावून चार गोष्टी सांगता आल्या असत्या. पण गेल्या काही वर्षांत रिंग रोडवर, हिंगण्याकडे, उमरेड रोडवर, कामठी-कन्हान पट्ट्यात इतक्या अकादम्या उभ्या राहिल्या आहेत की हे बोलणं आता उघडच व्हायला हवं.

म्हणणं एकच आहे. तुम्ही फलकावर लिहिता की आम्ही सैनिकी शिस्त शिकवतो. प्रत्यक्षात मुलांच्या हाती पडतो तो सैनिकी देखावा. बारीक कटिंग, चट्ट्यापट्ट्यांची पॅन्ट, बेंबीच्या देठापासून ओरडलेलं 'येस सर' आणि पाठीवर पट्टा. फौजेत या गोष्टींच्या मागे जी कारणं असतात, ती मैदानाच्या बाहेरच राहतात. कारण माहीत नसलेली शिस्त मुलांना इजा करते आणि काही वेळा त्यांच्या जिवावर बेतते.

तुमच्या कामाची मला किंमत आहे, हे आधी लिहून ठेवतो. भिवापूरचा, कुहीचा, पवनीचा, आरमोरीचा मुलगा नागपुरात खोली घेऊन राहतो, तेव्हा घरी सोयाबीनचे पैसे त्याच्या फीसाठी बाजूला काढलेले असतात. कुणाची बहीण लग्नासाठी थांबलेली असते. अशा मुलाला पहाटे चार वाजता उठवून मैदानावर आणणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही आहात म्हणून तो धावतो. म्हणूनच तुमच्याकडून जास्त मागतो आहे.

आधी टर्नआउटबद्दल, म्हणजे जवानाच्या कपडे-बूट-दाढीच्या नीटनेटकेपणाबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे.

सकाळच्या फॉलिनला, म्हणजे सगळे रांगेत उभे राहतात तेव्हा, उस्ताद रांगेतून फिरतो आणि बाहेरच्याला वाटतं, हा चकाकी बघतोय. चकाकी तर दुरूनही दिसते. उस्ताद जवळ जातो तो दुसऱ्याच गोष्टींसाठी. बुटाची टाच आतल्या बाजूने झिजली असेल तर पोरगा पाय वाकडा टाकतोय, महिनाभरात नडगी धरेल. बेल्ट दोन घरं आत सरकला असेल तर लंगरात ताट घेतो, पण जेवत नाही. पाठीवर घामाचं मीठ पांढरं उमटलंय आणि ओठ सुकलेत, म्हणजे पाण्याची बाटली तपासणीसाठी भरलेली आहे, प्यायला नाही. आणि जो जवान एरवी टापटीप असतो, त्याची दाढी सलग दोन दिवस अर्धवट दिसली तर त्याच्यावर ओरडायचं नसतं. परेड संपल्यावर बाजूला घेऊन घरून काही फोन आला होता का, ते विचारायचं असतं. माझ्या अनुभवात अशा दहांतल्या नऊ वेळा घरी काहीतरी घडलेलं असायचं.

एक प्रसंग सांगतो. एका रंगरुटाच्या डाव्या बुटाची लेस वरच्या दोन भोकांतून ओवलेलीच नव्हती. बाकी सगळं चोख, पॉलिश आरशासारखं. मी विचारलं तर म्हणाला, घाईत राहिली उस्ताद. बूट काढायला लावला. घोट्याच्या वर नडगी सुजून टणक झाली होती आणि बोट लावलं तर डोळ्यांत पाणी. हाडाला बारीक तडा गेला होता. बॅचमधून मागे पडू या भीतीने तो आठवडाभर त्याच पायावर धावला होता. त्याला विश्रांतीला पाठवलं, तो एक बॅच मागे पडला, पण पुढे धडधाकट पास आउट झाला आणि पलटणीत गेला. आणखी चार दिवस कुणी बुटाकडे पाहिलं नसतं तर ते हाड मोडलं असतं आणि मुलगा घरी गेला असता. टर्नआउटची तपासणी माणूस वाचायला असते. तुमच्या मैदानावर मी कटिंग तपासताना पाहिली आहे, शर्ट खोचलेला तपासताना पाहिला आहे. पाय तपासताना मला अजून कुणी दिसलेलं नाही.

पायांचा विषय साधा वाटतो, म्हणून जरा इतिहास. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत वीस हजारांहून जास्त सैनिक निव्वळ पाय कुजल्यामुळे दवाखान्यात गेले. खंदकातल्या थंड पाण्यात दिवसेंदिवस उभं राहून पाय काळे-निळे पडायचे, बोटं कापावी लागायची. त्यावर उपाय झाला तो शिस्तीचा. रोज मोजे बदलायचे, पाय कोरडे करून तेल चोळायचं, दोघांची जोडी लावायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे पाय बघायचे. जबाबदारी अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधली. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने उतरलं. आजही बर्फातल्या चौकीवर जोडीदाराच्या पायाची बोटं बघणं हे शस्त्र साफ करण्याइतकंच रोजचं काम असतं.

दाढीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे जगभरातून आपले जनरल आणि अॅडमिरल बोलावून घेतले आणि दाढी, वजन, शारीरिक चाचण्या यांवर त्यांना सुनावलं. त्या भाषणाचे तुकडे तुमच्या मुलांच्या मोबाइलवर मी पाहिले, 'बघा, असली शिस्त पाहिजे' अशा मथळ्याखाली. आता याची दुसरी बाजू. त्याच्या दीड वर्ष आधी, मार्च २०२४ मध्ये, ब्रिटिश आर्मीने आपल्या जवानांना नीट राखलेली दाढी ठेवायला परवानगी दिली. आपल्या नौदलात परवानगीने दाढी ठेवता येते. शीख जवान दाढी बांधून सगळ्या लढाया लढले आहेत. आणि ऑक्टोबर १९१६ पर्यंत ब्रिटिश सैन्यात मिशी सक्तीची होती, वरचा ओठ भादरणं हाच गुन्हा होता. मग खरी शिस्त यातली कुठली म्हणायची?

मुलांना हे सांगा, की गुळगुळीत दाढीचा आग्रह पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला तेव्हा पक्का झाला, कारण वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट चिकटला पाहिजे आणि दाढीच्या खुंटांतून फट राहते. केस बारीक ठेवले की उवा होत नाहीत, हेल्मेट नीट बसतं, डोक्याला जखम झाली तर लगेच दिसते. अंथरूण-किटची जागा ठरलेली असते, कारण रात्री दिवा न लावता दोन मिनिटांत तयार व्हायचं असतं. काळ बदलला की नियमही बदलतो आणि तो बदलायचा अधिकार फौजेचा आहे. जवानाने आज्ञा पाळायचीच. पण कारण समजून पाळणारा मुलगा उद्या अडचणीच्या जागी स्वतःचं डोकं चालवतो. नुसत्या भीतीने पाळणारा उस्तादाची पाठ फिरायची वाट बघतो.

हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र तुमच्यापैकी कित्येकांच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असेल. ते एकदा मुलांसमोर सावकाश वाचा. त्यात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा म्हणून बजावलं आहे, नाहीतर घोडी मरतील आणि तुम्ही रयतेला छळायला लागाल. कुणी आगट्या पेटवतील, कुणी भलत्या जागी चूल करतील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. एवढा मोठा राजा छावणीतल्या उंदराचा विचार करतो. सज्जता म्हणजे काय, हे मला तरी याहून नेमकं कुठे वाचायला मिळालं नाही. त्या पत्रात पोशाखाबद्दल काही नाही आणि पट्ट्याबद्दलही नाही.

आता पट्ट्याकडे येतो. याबद्दल मला चीड आहे आणि ती लपवत नाही.

उशिरा आला म्हणून पाठीवर पट्टा, फेरी चुकली म्हणून मुर्गा, उलट बोलला म्हणून भर उन्हात कोपरांवर रांगणं. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'फौजेत असंच असतं, आत्ताच सवय झालेली बरी.' आर्मी अॅक्ट १९५० चं कलम ४७ उघडून बघा. आपल्या हाताखालच्या माणसावर हात टाकणारा किंवा त्याचा छळ करणारा, मग तो अधिकारी असो, जेसीओ (सुभेदारासारखा कनिष्ठ अधिकारी) असो की हवालदार, कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरला तर सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. फौजेत रगडा असतो, एक्स्ट्रा परेड असते, पिट्ठू पाठीवर घेऊन दौड असते, हे मी जाणतो, ते मीच दिलेलं आहे. कुठे कुणी मारलंही असेल. पण मारणाऱ्याला कायद्याने गुन्हेगार ठरवलं आहे. जी गोष्ट फौजेत गुन्हा आहे ती तुम्ही फौजेच्या नावावर करता, हे मला सहन होत नाही. ज्या मुलांना मारता त्यातली कित्येक अठराच्या आतली असतात.

आणि शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशांबद्दल एक गोष्ट नीट ऐका. एकदम पाचशे उठाबशा काढायला लावल्या की मांडीचे स्नायू आतून फुटतात. फुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी मुलाची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. तो लाजेने कुणाला सांगत नाही, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतो आणि त्या गोळीने मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. काही मुलांना डायलिसिसपर्यंत जावं लागतं. लघवीचा रंग बदलला की कुणालाही न विचारता सरळ दवाखाना गाठायचा, हे वाक्य तुमच्या प्रत्येक मुलाला पाठ असलं पाहिजे. दौडीच्या आधी दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे, ती तर आजच बंद व्हायला हवी. दुखणं हा शरीराचा पहारेकरी आहे, त्याला झोपवून दौडायचं नसतं.

उन्हाचं नागपूरकराला काय सांगायचं! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि सकाळी आठलाच रस्ता तापलेला असतो. तरी मी दहा वाजता, साडेदहा वाजता बॅचेस धावताना पाहिल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून जास्त उमेदवार गेले. २०१४ च्या जूनमध्ये आपल्याच मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात तरुण गेले. ही मुलं कमजोर नव्हती. काही महिने घाम गाळून, पास व्हायच्या जिद्दीने आलेली होती आणि जिद्दीमुळेच थांबली नाहीत. जिद्दी मुलाला थांबवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे, त्याचं स्वतःचं नाही.

उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत होते आणि तीही हळूहळू अंतर वाढवत नेलं तर. सुट्टीवरून, तापातून उठून, वातानुकूलित दुकानातली नोकरी सोडून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी बाकीच्यांबरोबर जुंपू नका. धावता धावता मुलगा झिंगल्यासारखा चालू लागला, असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, तर ते नाटक समजू नका. त्याच क्षणी सावलीत न्या, कपडे काढा, मानेपर्यंत पाण्याच्या हौदात बसवा, डोकं धरून ठेवा. हौद नसेल तर अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. गाडीत घालून तापलेल्या अंगाने दवाखान्यापर्यंत नेण्यात जी वीस मिनिटं जातात, त्यातच माणूस हातचा जातो. प्रत्येक मैदानावर पाण्याने भरलेली एक टाकी असायला फार खर्च येत नाही. एवढी फी घेता त्यात ती बसते.

पाण्यावरून आठवलं. मुली आता मोठ्या संख्येने येतात, सैन्य पोलिसांत अग्निवीर होतात, राज्याच्या पोलीस दलात जातात. कित्येक मैदानांवर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून त्या पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. हे मला माझ्या भाचीने सांगितलं, एरवी कधी लक्षातच आलं नसतं. याला शिस्तीचं कुठलंही भाषण उत्तर नाही. दार आणि कडी असलेली एक खोली बांधावी लागेल.

यापुढचा मुद्दा खास आपल्या मुलखाचा आहे आणि तो मी सगळ्यात कळकळीने मांडतोय. विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, सगळीकडे आहे. ज्याला आजार असतो तो बहुधा धावायला येतच नाही. पण जो नुसता वाहक असतो, म्हणजे आई किंवा बापाकडून एकच दोष आलेला, तो आयुष्यभर धडधाकट असतो आणि त्याला स्वतःला माहीतही नसतं. ऊन, कमी पाणी आणि जीव तोडून दौड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याच्या रक्तातल्या पेशी वाकड्या होऊ लागतात आणि तो मैदानातच कोसळू शकतो. अमेरिकन फौजेतल्या रंगरुटांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वाहकांना असलेला धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त दिसला. त्यावर अमेरिकन फौजेने सगळ्यांच्याच सरावाला नियम लावले. पाणी किती, काम किती वेळ, विश्रांती किती वेळ, कोणत्या उन्हात दौड बंद. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलं नाही. स्नायू फुटण्याचा धोका तेवढा दीडपट होता.

यातून मी जे घेतो ते असं, की पाणी आणि विश्रांती कडक पाळणं हीच फौजेची सगळ्यात मोठी शिस्त आहे आणि तिने माणसं वाचतात. 'पाणी पिणारा पोट्टा कच्चा' म्हणणारा प्रशिक्षक फौजेच्या उलट शिकवतोय.

सिकलसेलची पहिली चाचणी रक्ताच्या थेंबावर होते, सरकारी केंद्रांत फुकट होते आणि जुलै २०२३ पासून तर त्यासाठी राष्ट्रीय अभियानच चालू आहे. प्रवेश देताना फोटो आणि मार्कशीट मागता, तसा हा रिपोर्टही करून घ्यायला लावा. मात्र वाहक निघाला म्हणून कुणालाही काढू नका. त्याला फक्त हळूहळू चढवायचं, भरपूर पाणी पाजायचं आणि तो 'थांबतो' म्हणाला की थांबू द्यायचं. रिपोर्ट चारचौघांत वाचू नका, ग्रुपवर टाकू नका. या गोष्टीवरून गावाकडे लग्नं मोडतात.

गोंदण आणि टॅटू. रीलमधले फौजी बघून मुलं दंडावर 'आर्मी लव्हर' कोरून घेतात, मानेवर रायफल काढतात. सैन्यभरतीचा नियम आहे की कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत आहे, त्यामुळे गडचिरोलीच्या गोंड-माडिया मुलांनी गोंदणाची धास्ती घेऊ नये, नियम आणि लागणारी कागदपत्रं मात्र आधीच बघून घ्यावीत. उमरेडकडचा एक मुलगा मला भेटला. १६०० मीटरला साडेपाच मिनिटांच्या आत येणारा, म्हणजे पूर्ण ६० गुण. बीम (पुल-अप) दहा, म्हणजे ४० गुण. दंडावर तिरंगा आणि खाली 'फौजी' असं गोंदलेलं. ज्या अकादमीत तो होता तिथे वर्षभरात कुणीही त्याची बाही वर करून पाहिली नव्हती. उलट त्या दंडाचा फोटो जाहिरातीत लावला होता. तो मला विचारत होता, "काका, लेझरनं मिटवलं तं चालन काय?" मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. देशावरच्या प्रेमापोटीच त्याने ते काढून घेतलं होतं.

चट्ट्यापट्ट्यांचे कपडे विकू नका. २०२२ च्या आर्मी डेला दिसलेल्या नव्या लढाऊ वर्दीच्या रचनेचे हक्क सैन्याने नोंदवून घेतले आहेत आणि तसं कापड बाजारात विकायला बंदी आहे. वर्दी कमावायची असते. साधी निळी हाफ पॅन्ट आणि पांढरा बनियन पुरे. तो पैसा बुटाला लावायला सांगा, कारण फाटक्या कॅनव्हासच्या बुटावर डांबरी रस्त्याने रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाची नडगी कितीही शिस्त असली तरी टिकणार नाही. जमेल तितकं मातीवर धावा.

अग्निपथ योजनेमुळे आणखी एक गोष्ट बदलली आहे. चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसांपर्यंतच जणांना कायम केलं जातं आणि ती चारही वर्षं मुलाकडे बारकाईने पाहिलं जातं. मैदानावरची साडेपाच मिनिटं हे दार झालं. आत गेल्यावर तो वेळेवर झोपतो का, सांगितलेलं एकदाच ऐकून करतो का, सोबत्याचं ओझं उचलतो का, चूक झाली तर लपवतो की सांगतो, हे बघितलं जातं. पट्ट्याच्या धाकात वाढलेला मुलगा चूक लपवायला शिकलेला असतो. दारूगोळ्याजवळ काम करणाऱ्या माणसाने चूक लपवली तर काय होईल, हे पुलगावचा दारूगोळा डेपो आणि जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना ज्यांच्या शेजारी आहेत त्यांना मी समजावून सांगायला नको.

माझ्या रेजिमेंटचे लान्स नायक अल्बर्ट एक्का, परमवीर चक्र, १४ गार्ड्स. गुमल्याकडच्या आदिवासी घरातला माणूस. ३ डिसेंबर १९७१ ला गंगासागरच्या लढाईत शत्रूची मशीनगन त्यांच्या कंपनीला भाजून काढत होती. एक्का बंकरवर चालून गेले, संगिनीने ती गन बंद पाडली. जखमी असूनही पुढे सरकले आणि दुसरी गनही गप्प केली, तेव्हा थांबले. ती गन आपल्या सोबत्यांना मारते आहे म्हणून ते उठले होते. सोबत्याबद्दलची ती ओढ मारून अंगी येत नाही. ती जोडीने शिकवली जाते, एकमेकांचे पाय बघण्यापासून.

कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे. गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर इथे, एनसीसीच्या शिक्षक-अधिकाऱ्यांना घडवणारी अकादमी इथे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात, सीताबर्डीच्या किल्ल्यात टेरिटोरियल आर्मीची पलटण. निवृत्त उस्ताद, पीटी प्रशिक्षक, नर्सिंग असिस्टंट या भागात घराघरांत आहेत. त्यांना बोलवा. फी मागणार नाहीत, बहुतेकांचा सकाळचा वेळ मोकळाच असतो.

माझ्यापुरतं सांगतो. येत्या रविवारपासून दर रविवारी पहाटे पाचला मी ज्या मैदानावर बोलावाल तिथे येईन. तुमच्या प्रशिक्षकांना रांगेतून कसं फिरायचं, बूट कसा बघायचा, पाय कसे तपासायचे, तापलेला मुलगा कसा ओळखायचा आणि कसा थंड करायचा, हे दाखवीन. एक टाकीभर पाणी आणि दोन बादल्या तयार ठेवा. त्या दिवशी मैदानावर कुणाच्याही हातात पट्टा नसावा, एवढी एकच अट आहे. सिकलसेलची चाचणी पुढच्या बॅचच्या प्रवेश अर्जात छापून घ्या, त्यासाठी माझी वाट बघू नका.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स
कामठी, जि. नागपूर